तुम्ही विचारलंत म्हणून: भुताचेच सिनेमे का?

सिनेमा दाखवायला गावोगावी जाते तेव्हा कुणी ना कुणी विचारतंच, "बाई, भुताचे सिनेमे काऊन काढता? आपल्या बायांच्या दुःखावर काढा नं एखादा."

मला ही दोन कामं वेगळी वाटतच नाहीत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखात, भीतीला बाईचंच नाव असतं. हडळ, जखीण, चेटकीण. पोर तापानं फणफणलं की गावाच्या टोकाला एकटी राहणारी विधवा आधी आठवते. करणीचा आळ घेऊन छळणं महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, पण आळ कुजबुजीतून फिरतो. कुजबुजीचा पंचनामा कोण करणार?

1913 साली फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. आमच्या दंडारीतही, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातही, गडीच लुगडं नेसून बाई व्हायचे. पुढे बाया पडद्यावर आल्या. पण भयपटातला कॅमेरा त्यांना बहुतेकदा झुडपाआडूनच बघत राहिला. मोकळे केस, पांढरं लुगडं. मी तो कॅमेरा उचलून त्या बाईच्या खांद्यापाशी नेला.

आमची नायिका पन्नाशीची, झाडीपट्टी नाटकांत आयुष्य काढलेली. धान कापून झालं होतं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) रचलेले. रात्रीचा सीन. तिनं विचारलं, "मी भूत हाव का?" म्हटलं, "नाही मावशी, तुम्हाला भेव वाटते." तिनं नकली भारा बाजूला ठेवला आणि ओल्या गवताचा खरा भारा डोक्यावर घेतला. दोन्ही हात वर गुंतले. पुंजण्यामागून बॅटऱ्या घेऊन चार माणसं आली तेव्हा तिला ना कुणाला ढकलता येईना, ना तोंड झाकता येईना. एवढाच सीन, पण माझ्या सगळ्या कामात मला तोच सगळ्यात खरा वाटतो.

एका वितरकानं सिनेमा परत केला. म्हणाला, भयपट असेल तर भूत दाखवा, बायांचा असेल तर शेवटी न्याय द्या. मी दोन्हीला नाही म्हटलं.

मग दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, नाटकाच्या मंडपाजवळ चादर बांधून दाखवला. संपल्यावर एक म्हातारी आजी नायिकेपाशी आली.

"भारा टाकून पळाली काऊन नाही वं?"

मावशी म्हणाली, "घरी गाय होती नं, आजी."

आजीनं मान हलवली आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसून घेतलं.