माझा अनुभव: एका पोस्टरसाठी ५६ दिवसांची परवानगी

लंडनमध्ये इलस्ट्रेशन शिकणाऱ्या किंवा शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. प्रोजेक्टसाठी एखाद्या माणसाची मुलाखत घेणार असाल, तर एथिक्सचा फॉर्म, म्हणजे माणसांशी बोलून काम करण्यासाठी संस्थेकडून घ्यायच्या परवानगीचा अर्ज, पहिल्याच आठवड्यात भरा. मी तो २० जानेवारीला भरला आणि मंजुरी आली १७ मार्चला. मधले ५६ दिवस आठवले की अजून जीव तळमळतो.

माझा विषय होता १९६६-६७ मधल्या लंडनची सायकेडेलिक पोस्टरं, म्हणजे नशेतल्या भासांसारखे भडक रंग आणि वितळणारी अक्षरं असलेली. टॉटनहॅम कोर्ट रोडवर एका आयरिश डान्स हॉलच्या तळघरात २३ डिसेंबर १९६६ ला ‘यूएफओ’ हा क्लब सुरू झाला. जो बॉइड आणि जॉन हॉपकिन्स तो चालवायचे. शुक्रवारी रात्रभर संगीत, पिंक फ्लॉइड, सॉफ्ट मशीन, आणि भिंतींवर हलणारे रंग. क्लब पुरतं वर्षभरही टिकला नाही. पण मायकल इंग्लिश आणि नायजेल वेमथ या जोडीने ‘हॅपशॅश अँड द कलर्ड कोट’ या नावाने त्याच्यासाठी जी पोस्टरं केली, ती पाहिली आणि मी दुसरं काही करूच शकले नाही.

भारतीय मुलगी म्हटल्यावर सगळ्यांनी गोवा सुचवला, हणजूणचे हिप्पी काढ म्हणाले. माझा धागा वेगळा होता. सांगलीला आजीच्या देवघराशेजारी विश्वरूपाचं एक जुनं कॅलेंडर होतं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ मधल्या दुसऱ्या अल्बमचं कव्हर आपल्याकडच्या तशाच एका छापील विश्वरूपावरून बेतलेलं आहे, फक्त मधे चेहरे हेंड्रिक्स आणि त्याच्या दोन साथीदारांचे. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, ही चित्रभाषा मला थोडी तरी आधीपासून येते.

विषय मंजूर झाला, वाचन झालं, स्केचबुक भरलं, सगळं सुरळीत. मग आमच्या प्रिंट स्टुडिओतल्या तंत्रज्ञांनी एका ओळखीच्या आजोबांचं नाव सुचवलं. वय ७९. त्या काळात ते लाइट शो करायचे: प्रोजेक्टरच्या स्लाइडमध्ये दोन काचांच्या मधे तेल आणि रंगीत शाई. मी फोन केला, ते लगेच हो म्हणाले, पुढच्या शुक्रवारी ये म्हणाले. आणि तिथेच सगळं अडलं, कारण मुलाखत रेकॉर्ड करायची तर फॉर्म हवा.

फॉर्म १४ पानांचा. बारा दिवसांनी तो परत आला. सोबत एक ओळ: विषयात अमली पदार्थांचा उल्लेख येऊ शकतो, म्हणून धोका ‘कमी’ नाही, ‘मध्यम’. ‘कमी’ असता तर माझ्या ट्यूटरची सही पुरली असती, ‘मध्यम’ म्हणजे समिती. मी फॉर्ममध्ये ‘सायकेडेलिक’ हा शब्द सात वेळा लिहिला होता. तो कलाशैलीचं नाव म्हणून लिहिला होता, आणि कला शिकवणाऱ्या संस्थेत तो तसा वाचला जाईल असं मी गृहीत धरलं. गृहीत धरू नका. पहिल्या परिच्छेदातच स्पष्ट लिहा की हे मुद्रणाच्या आणि चित्राच्या एका शैलीचं नाव आहे, आणि प्रश्नांची पूर्ण यादी जोडा. माझे प्रश्न सगळे काच, दिवा, शाई, कागद यांच्याबद्दल होते. दुसऱ्यांदा मी यादी जोडली.

दुसऱ्यांदा परत आला तो वयासाठी. सत्तरीपुढचा माणूस म्हणजे काळजी घेण्याचा गट. भेट कुठे, सोबत कोण, त्यांना आठवणींचा त्रास झाला तर काय करणार? प्रश्न चुकीचे नाहीत, मला ते पटतात. पण हे सगळं पहिल्याच वेळी का विचारलं नाही? मी उत्तरं एका रात्रीत लिहिली. सकाळी पाठवली तर कळलं की समिती महिन्यातून एकदाच बसते आणि अर्ज घ्यायची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली. ही तारीख कुठेही लिहिलेली नव्हती. ती मागून घ्या. फॉर्म उघडण्याआधी कार्यालयाला मेल करून समितीच्या सगळ्या तारखा मागून घ्या.

दर शुक्रवारी मी आजोबांना फोन करायचे. दर शुक्रवारी ते विचारायचे, कागद आला का. फेब्रुवारीच्या शेवटी एका शुक्रवारी फोन त्यांच्या मुलीने उचलला. छातीत कफ झाला होता, ते झोपून होते. तो आठवडा मी काही काढू शकले नाही. त्या माणसाला सांगायचं होतं, मला ऐकायचं होतं, आणि मधे एक रिकामा चौकोन होता ज्यावर कोणाची तरी सही व्हायची होती. आई सांगलीहून रोज विचारायची, “अगं, होईल ना वेळेत?” मला उत्तर देता यायचं नाही.

थांबलेल्या दिवसांत अक्षरांवर काम केलं, ते मात्र चांगलं झालं. सॅन फ्रान्सिस्कोचा साठच्या दशकातला पोस्टरकार वेस विल्सन, त्याची ती वितळणारी, जागा भरून टाकणारी अक्षरं त्याच्या कितीतरी आधीच्या व्हिएन्नाच्या चित्रकार आल्फ्रेड रोलरकडून आली आहेत, तेव्हा नक्कल करायचीच तर साठच्या दशकाशी थांबू नका, रोलरपर्यंत मागे जा. देवनागरीत मला शिरोरेषा आडवी येत होती. मग तीच वाकवली, ज्योतीच्या कडेसारखी, आणि अक्षरं तिच्याखाली फुगवून बसवली. काना आणि वेलांटीला इतकं वळण सोसतं हे मला माहीतच नव्हतं.

रंगांचंही सांगते. त्याच काळातला पोस्टरकार व्हिक्टर मोस्कोसो येल विद्यापीठात रंगांचा अभ्यास शिकवणाऱ्या योझेफ आल्बर्सच्या हाताखाली शिकला होता. त्याच्या पोस्टरांत रंग थरथरतात, कारण विरोधी रंग शेजारी आहेत आणि दोघांची उजळता जवळजवळ सारखी आहे. जमलं का ते बघायला फोनने कृष्णधवल फोटो काढा. अक्षरं करड्यात विरघळून गेली तर जमलं. माझा लाल आणि हिरवा सहाव्या मिश्रणाला जुळला.

मंजुरीची मेल सोमवारी संध्याकाळी आली. मी स्टुडिओत होते, हात शाईने भरलेले, तिथेच रडले.

आजोबा तोवर बरे झाले होते. दोन तास बोलले. टेबलावर जुना प्रोजेक्टर मांडून त्यांनी काचांमधे तेल आणि शाईचे थेंब टाकले. दिव्याच्या उष्णतेने बुडबुडे फुगायला लागले, आणि काच बोटाने किंचित दाबली की ते भिंतीवर श्वास घेतल्यासारखे हलायचे. मला फोटो हवे होते, पण मी परवानगी फक्त आवाजाच्या रेकॉर्डिंगची घेतली होती. म्हणून मी त्यांचे हात रेखाटले, आणि शेवटी पोस्टरच्या मध्यभागी तेच हात आले. तरीही फॉर्ममध्ये आवाज, फोटो, रेखाटन तिन्ही एकदमच लिहा, पुन्हा १४ पानं नकोत.

छपाईला फार जागा देत नाही. हॅपशॅशसारखं एकाच स्क्रीनवर (छपाईच्या ताणलेल्या जाळीवर) नारिंगी आणि गुलाबी शाई शेजारी ओतून एका ओढीत रंग चढवला. पहिल्या चार-पाच प्रती फुकट जातात, जाऊ द्या, सीमारेषा नंतरच मऊ होते. स्टुडिओची वेळ मात्र मंजुरीची वाट न बघता राखून ठेवा. मी तशी ठेवली होती, म्हणून मेच्या सादरीकरणाला पोचले.

आणि संमतीपत्राच्या दोन प्रती न्या, एक त्यांच्याकडे राहते. आजोबांनी त्यांची प्रत घडी घालून स्लाइड्सच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. जूनमध्ये पोस्टर घेऊन गेले तेव्हा ती तिथेच होती.