पाक पिळू नका

मागच्या आठवड्यात एका लग्नाला गेलो होतो. मे महिना, दुपारचे दोन, हॉलचा एसी नावापुरता, आणि समोर बसलेल्या गृहस्थांनी वाटीतला गुलाबजाम चमच्याने कडेला दाबून दाबून त्यातला पाक पार काढून टाकला. मग तो चपटा झालेला जीव तोंडात टाकला आणि शेजारच्यांना म्हणाले, फार गोड करतात हो हल्ली.

पाक पिळून खाणाऱ्यांबद्दल माझ्या मनात अढी आहे, आत्ताची नाही, लहानपणापासूनची. रसगुल्ल्याच्या बाबतीत तर ही मंडळी थेट दोन बोटांत धरून पिळतात, सगळ्यांसमोर, काही वाटत नाही. अहो, पाकासाठीच तर सगळा खटाटोप ना? गोड नको असेल तर मसालेभात आहे की, अजून एक मूद घ्या, कोण नको म्हणतंय.

घरी येईपर्यंत हे डोक्यात घोळत राहिलं, आणि मग का कुणास ठाऊक, रम बाबा करायची हुक्की आली. म्हणजे का ते तसं कळण्यासारखं आहे, पाकाचं एवढं लाडकं लेकरू दुसरं नाही. यीस्टने फुगवलेला, अंडी-बटर घातलेला छोटा केक, आधी कोरडा ठणठणीत वाळवायचा आणि मग पाकात टाकून तो नको म्हणेपर्यंत पाजायचा. आई त्याला पावाचे गुलाबजाम म्हणते. फ्रान्समध्ये कुणी ऐकलं तर भांडण होईल पण मला तरी यात काही खोट काढता येत नाही.

ढोबळ प्रमाण असं: पाव किलो मैदा, 3 अंडी, 80 ग्रॅम बटर, चमचाभर साखर, मीठ, छोटा चमचा ड्राय यीस्ट आणि लागेल तसं दूध. पीठ भिजवलं की पोळ्यांच्या कणकेची सवय असलेल्या हाताला वाटतं गेलं, पाणी जास्त झालं, आणि डब्यातून मूठभर मैदा घ्यायला हात जातोच. तो मागे घ्यायचा. हे पीठ चिकटच असतं. परातीत उचलून आपटायचं, परत उचलायचं, परत आपटायचं, खालचे लोक वर येऊन विचारतील की काय काम काढलंय, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ते पीठ एकदम शहाण्यासारखं परात सोडायला लागतं, ताणलं तर आरपार दिसेल इतकं पातळ होतं पण फाटत नाही. मग मऊ बटर थोडं थोडं करून घालायचं, ते घातल्यावर पुन्हा सगळं बिघडल्यासारखं दिसतं, पुन्हा आपटायचं. सगळी करामत या आपटण्यात आहे. बेकिंग पावडरचा साधा केक पाकात टाकला तर त्याचा शिरा होतो, या पिठात मात्र चिवट जाळी तयार झालेली असते, ती पाक धरून ठेवते आणि वर उभीही राहते.

फुगण्याचं म्हणाल तर मे महिन्यात पुण्यात यीस्टला काही सांगावं लागत नाही. डिसेंबरात इडलीच्या पिठाच्या डब्याला गोधडी गुंडाळून ठेवणारे आम्ही, आणि परवा ओला फडका टाकून जरा आडवा झालो तर तासाभरात पीठ फडक्याला भिडलेलं. बाबाचे साचे माझ्याकडे नाहीत, पण स्टीलची फुलपात्रं आहेत आणि ती जवळजवळ त्याच घाटाची असतात, फक्त खालच्या बाजूला आजोबांचं नाव कोरलेलं. बटरचा हात फिरवायचा, निम्म्याला जरा कमीच पीठ भरायचं, काठापर्यंत येऊ द्यायचं, आणि ओटीजीत 180 ला वीस-पंचवीस मिनिटं. वर टोपी येते. बाहेर काढल्यावर लगेच खायचा मोह होतो, पण गरम बाबा म्हणजे नुसता पाव, त्यात काही नाही. तो रात्रभर उघडा वाळू द्यायचा. शिळा झालेला चांगला, हे ऐकून आईला फार बरं वाटलं, तिचं शिळ्या पोळीबद्दल हेच मत आहे.

आता पाक. इथे मी अडलो, म्हणजे हात अडला, कारण आमच्या घरात पाक म्हटलं की तार आलीच.

साताऱ्याला आजोळी दिवाळीत पाकातल्या पुऱ्या व्हायच्या. रव्या-मैद्याचं पीठ दह्यात भिजवलेलं, तुपात तळलेल्या छोट्या पुऱ्या, आणि शेजारच्या शेगडीवर पितळी पातेल्यात पाक. आजी पळीतून एक थेंब ताटलीच्या काठावर पाडायची आणि मला म्हणायची, बघ रे तार आली का. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, त्यात तो थेंब धरायचा, चटका बसायचाच, आणि बोटं हळूच लांब करायची. मधे एक बारीक तार दिसायची, उन्हात चमकायची आणि तुटायची. आली गं, असं मी ओरडलो की आजी स्वतः पुन्हा बघायची. माझ्यावर विश्वास नव्हता तर मला चटका कशाला, हा प्रश्न मला बराच मोठा झाल्यावर पडला. मग लिंबू पिळायचं, म्हणजे पाकाची परत साखर होत नाही, आणि केशर. पुरी गरम असताना पाक गरम की कोमट यावरून आजी आणि मामीचं दरवर्षी वाजायचं, दरवर्षी तेच मुद्दे, आणि पुऱ्या दरवर्षी चांगल्याच व्हायच्या.

पाकातून काढलेल्या पुऱ्या एका मोठ्या परातीत ओळीने उभ्या लावायच्या, परातीखाली एका बाजूला पाट सरकवलेला, म्हणजे जास्तीचा पाक उताराला जमा व्हावा. त्या उताराच्या टोकाला आम्ही भावंडं पोळीचे तुकडे घेऊन बसलेलो. परात कुणी मुद्दाम जास्त तिरकी करतंय का याच्यावर मामेबहिणीची नजर. तो पाक, त्यात उतरलेलं तूप, पुरीचा एखादा सुटा पापुद्रा. पिळून खाणाऱ्यांना हे काय कळणार.

तर बाबाच्या पाकाला तार नाही. अजिबात नाही. लिटरभर पाण्याला अर्धा किलो साखर, विरघळली, एक उकळी आली की गॅस बंद. संत्र्याची साल, दालचिनीचा तुकडा, वाटलं तर वेलची. आजीने हा पाक बघितला असता तर सरबत म्हणून पाहुण्यांना दिला असता. पण दाट पाक आत शिरत नाही, वरच्या वर चिकटून बसतो, आणि बाबाला आतून भिजायचं असतं. रम गॅस बंद केल्यावर, जरा निवाल्यावर घालायची, नाहीतर वास सगळा उडून एक्झॉस्टच्या पंख्यातून जिन्यात जातो आणि मग जिन्यातले लोक काय काय बोलतात.

रम घरात आहे का हा विषय निघाल्यावर आई गप्प झाली आणि काका अचानक मदतीला आले. ओल्ड मंक. काकांच्या मते स्वयंपाकाला तीच चांगली, आणि त्यांनी तिच्यावर स्वयंपाकाव्यतिरिक्तही बराच अभ्यास केलेला आहे. शेवटी दोन पातेली ठेवली, एकात रम, एकात नुसता संत्र्याचा रस आणि आईच्या आग्रहाने केशर. काका कुठल्या पातेल्यापाशी उभे होते ते सांगायला नको.

बाबा पाकात टाकला की आधी तरंगतो. टोपी वर, निवांत. मग खालून बारीक बुडबुडे यायला लागतात, आतली हवा निघते आणि पाक आत जातो, झाऱ्याने हळूच उलटा करायचा, पुन्हा बुडबुडे, आणि बघता बघता तो जड होतो, रंग गडद होतो, निम्मा बुडतो. विणायची बारीक सुई मधोमध घालून बघायची, कुठे कोरडं अडलं तर अजून राहू दे. पाक फार कढत असला तर बाबा विरघळतो, गार असला तर पितच नाही. बोट घालून बसेल तेवढाच गरम. मग जाळीवर काढून निथळायचा, वरून चमचाभर रम, आणि जर्दाळूचा जॅम जरा पातळ करून ब्रशने.

हे सगळं सुरू कुठून झालं याची एक गोष्ट सांगतात. पोलंडचा राजा स्तानिस्लाव लेश्चिन्स्की, गादी गेलेला, फ्रान्समध्ये अल्सेसला आश्रयाला, त्याच्यापुढे तिथला कुगेलहोफ केक आला तो इतका कोरडा की त्याने त्यावर वाइन ओतायला लावली. गोष्ट खरी की पदरची, पण कोरड्या केकवर काहीतरी ओतावंसं वाटणाऱ्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटते. पक्कं आहे ते पुढचं. त्याच्या मुलीचं लग्न 1725 मध्ये पंधराव्या लुईशी झालं, तिच्याबरोबर निकोला स्तोरेर नावाचा आचारी व्हर्सायला गेला, आणि 1730 मध्ये त्याने पॅरिसला रू मोंतोर्ग्यैवर दुकान काढलं. त्याच वर्षी जानेवारीत इकडे शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. वाडा 1828 मध्ये जळाला, आपण आता तिकीट काढून जोती बघतो. दुकान चालू आहे, बाबा मिळतात. यातून काय घ्यायचं ते मला कळत नाही, पण एकदा लक्षात आल्यापासून शनिवारवाड्यावरून जाताना दर वेळी हेच आठवतं.

पुढे पॅरिसमध्येच त्यातले बेदाणे काढून, गोल कड्याच्या साच्यात भाजून त्याला सावारँ म्हणायला लागले, ब्रिया-सावारँ या खवय्या न्यायाधीशाच्या नावावरून. मधल्या भोकात क्रीम भरतात. छान दिसतो, पण माझा जीव फुलपात्रातल्यावर. आणि नेपल्सला बाबा पोचला तो तिथलाच होऊन गेला, मोठी टोपी, बारीक देठ, लोक कागदात धरून रस्त्यात उभ्या उभ्या खातात.

तिथली कृती वाचताना मात्र एक गोष्ट टोचली. नेपल्सचे आचारी पाकात बुडवलेला बाबा बाहेर काढून हातात धरतात आणि पिळतात. चक्क पिळतात, मग तो पुन्हा फुगून पहिल्यासारखा होतो, आणि तो तसा झाला तरच पीठ नीट आपटलेलं. मी करून बघितलं. होतो खरा. पण ते खाण्याआधी, आचाऱ्याने, पारख म्हणून. पानात वाढल्यावर नाही. फरक आहे.

अण्णांचं सोडून. अण्णांना शुगर निघाल्यापासून ते गुलाबजाम पिळून खातात, अर्धाच, तोही सणाला. हेच अण्णा पूर्वी पंगतीत शेवटी वाटी तोंडाला लावून पाक प्यायचे आणि आई डोळे वटारायची. आता ते चमच्याने दाबतात तेव्हा मी दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागतो. परवा त्यांनी केशराच्या पातेल्यातल्या बाबाचा एक घास घेतला, बरा झालाय म्हणाले, आणि ग्लुकोमीटर कुठे ठेवलाय ते विचारलं. 96 पासून 140 पर्यंतचे सगळे आकडे आता आमच्या घरात मोठ्याने वाचले जातात.

उरलेल्या पाकाचं काय हा प्रश्न राहिलाच. गुलाबजामच्या उरलेल्या पाकात शंकरपाळ्यांचं पीठ मळायचं ही आमच्याकडची पद्धत, तुमच्याकडेही असेलच. केशराचा पाक आईने बाजूला काढला. रमचा पाक मी बाटलीत भरून फ्रिजच्या दारात ठेवला, दुसऱ्या दिवशी बघितलं तर बाटलीवर आईने काळ्या मार्करने लिहिलं होतं, देवाचा नाही. दिवाळीला अजून पाच महिने आहेत. काका शनिवारी येऊन गेले, बाटली आता अर्धीच आहे.