वेतोबाचा आर्मर क्लास

डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांना कुणी विचारलं, की तुम्ही तासन्‌तास बसून करता तरी काय, तर ते फासे, राक्षस, जादू, तलवारी असं बरंच काही सांगतात. खरं उत्तर त्याहून सोपं आहे. आम्ही वाद घालतो.

रविवारी दुपारी परळला मैत्रिणीच्या हॉलमध्ये आमची बैठक बसते. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला की मुलुंडचा सीए उशिरा येतो आणि आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता, मागच्या वादाचं टोक पकडतो. खेळातली गोष्ट दुपारभरात एखादं दार उघडण्याइतकीच पुढे सरकते. दारापलीकडे जे काही असेल ते कशाने मरेल, यावर मात्र चहा होऊन पुन्हा चहा होतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पट असलाच पाहिजे असं नाही, आणि शेवटी कुणी जिंकत नाही. एक जण डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंच, दोन्ही तोच. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि आपण काय करणार ते तोंडाने सांगतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये छापून आला. आमची डीएम ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात, आग किंवा ॲसिड लागलं तरच थांबतात, हे सगळ्यांना पाठ आहे; पण ‘मी ॲसिड फेकतो’ म्हटलं की ही आधी ‘कुठलं?’ असं विचारते.

माझा जीव खेळण्यापेक्षा पात्र बनवण्यात जास्त रमतो. ठाण्याहून येताना बसायला मिळालं तर माझं ते काम सुरू असतं. कोऱ्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, आकडे भरायच्या सहा चौकटी असतात: ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि समोरच्यावर पडणारी छाप. बुद्धी आणि शहाणपण हे दोन वेगळे रकाने ठेवणारा खेळ म्हटल्यावर मी तिथेच त्याच्या प्रेमात पडले. बुद्धी अठरा आणि शहाणपण आठ अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, आणि बहुतेक वेळा तीच प्रेझेंटेशन देत असतात.

पहिल्या नियमांत एकेका चौकटीसाठी तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज त्याच क्रमाने निमूटपणे लिहायची, असा शिरस्ता होता. तीन फासे २१६ प्रकारे पडू शकतात. त्यात अठरा एकाच प्रकारे येतात. दहा किंवा अकरा मात्र तब्बल ५४ प्रकारे. म्हणजे दर चारांतला एक आकडा अगदी मधला, चारचौघांसारखा. पदरी पडलं ते पवित्र मानून निघायचं. पुढे चार फासे टाकून सगळ्यात लहान बाजूला ठेवायची सवलत आली, आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तर २७ गुण हातात देऊन ‘घे काय हवं ते’ अशीही सोय झाली. या २७ गुणांत तीन चौकटींत पंधरा-पंधरा घेता येतात, पण मग उरलेल्या तिन्हींत आठ. माझ्या इंजिनिअरिंगच्या मावसभावाचं प्रत्येक पात्र असंच असतं. ताकद, चपळाई, काटकपणा पंधरा आणि डोक्याच्या बाजूला सगळीकडे आठ. ‘ताई, बोलायची वेळच येऊ द्यायची नाही,’ हे त्याचं धोरण.

मला पंधरापेक्षा तो आठच आवडतो. पंधरावाला काय करणार ते आधीच ठाऊक असतं. आठवाला काय करतो हे बघायला मजा येते. माझं सध्याचं पात्र म्हणजे जकातनाक्यावरून निवृत्त झालेली एक कारकून बाई आहे. ताकद आठ, बुद्धी पंधरा. तिला कुठल्याही गाडीकडे बघून आत काय दडवलंय ते कळतं, पण ती गाडी ढकलायची वेळ आली की ती हिशेबाची वही काढते. (नियमाप्रमाणे ताकद आठ असली तरी १२० पौंड, म्हणजे ५४ किलो सामान घेऊन हिंडता येतं. ज्याने हा नियम केला तो भाजीच्या पिशव्या घेऊन दादरचा पूल कधी चढलेला नसणार.) ही बाई लढाईत मागे उभी राहून दुसऱ्यांना सावरते. टाळ्या कुऱ्हाडवाल्याला मिळतात. पण होता जिवा म्हणून वाचला शिवा, हे आमच्या टोळीला प्रत्येक लढाईनंतर ऐकवायला मी विसरत नाही.

कुऱ्हाड हा सीएचा दुखरा विषय. दोन्ही हातांनी पेलायची मोठी तलवार लागली की दोन सहापैलू फासे टाकायचे, आणि मोठी कुऱ्हाड लागली की एक बारापैलू; येईल तेवढी इजा. तलवारीची सरासरी सात, कुऱ्हाडीची साडेसहा. सीएच्या मते विषय इथेच संपतो. पण कुऱ्हाड बारांतून एकदा पुरते बारा देते. तलवारीला त्यासाठी दोन्ही फाशांवर सहा पडावे लागतात, म्हणजे छत्तिसांतून एकदा. मावसभाऊ त्या एका बारासाठी जगतो. ‘एफडी मोडून लॉटरीचं तिकीट घेतोयस तू,’ सीए म्हणतो, आणि भाऊ परातीत फासा टाकतो. परात पितळी आहे, फासा पडला की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं, म्हणून तळाशी नॅपकिन अंथरलेला असतो. परातीबाहेर पडलेला फासा बाद, यावर मात्र आमच्यात आजवर कुणाचं दुमत झालेलं नाही.

१९७४ च्या नियमांत या भांडणाला जागाच नव्हती. खंजीर असो की दोन हाती तलवार, इजा एकाच सहापैलू फाशाची. शस्त्रागणिक वेगळा फासा १९७५ च्या पुरवणीत आला. मधला काळ त्या बिचाऱ्यांनी कसा काढला असेल!

नियमांच्या पुस्तकात दांडपट्टा नाही, म्हणून आम्ही तो स्वतःच घालायचं ठरवलं. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ करणाऱ्यांच्या हातात तो जवळून पाहिलेला होता. पोलादी मूठ पार कोपराकडे जाते, हात आत घालून आडवी कांब पकडायची. मनगट अजिबात वळत नाही, त्यामुळे सगळा फेर खांद्यातून येतो. लांबलचक पातं लवलवत फिरतं आणि जमिनीवर ठेवलेल्या लिंबाच्या दोन फोडी होतात. आता याला फासा कुठला द्यायचा? भावाने लगेच बारा मागितले. डीएमने आठ दिले, पण वर सांगितलं की चहूबाजूंनी वेढा पडला तर सभोवतालच्या सगळ्यांना वार लागेल. भाऊ खूश झाला तोच तिने पुढची अट घातली: अरुंद बोळात पट्टा निकामी, आणि ज्या हातात पट्टा त्या हाताने दुसरं काही करायचं नाही. कडी काढायची नाही, दोर धरायचा नाही, औषधाची बाटली उघडायची नाही. ‘नाकावर माशी बसली तर?’ सीएने विचारलं. ‘बसू दे,’ डीएम म्हणाली. त्या दिवसापासून पट्टा मला खरा वाटू लागला.

वाघनखांचं त्याहून अवघड झालं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याला आली तेव्हा आमच्याकडे तोच विषय होता. खंजिराला चौपैलू फासा, मग वाघनखांना त्याहून जास्त कसा देणार? ‘चार?’ भाऊ ताडकन उठला. ‘ताई, अफझलखानाचा कोथळा चारात निघाला का?’ यावर डीएम जे बोलली ते मला अजून पटलेलं आहे. ती म्हणाली, नखं चारचीच. प्रतापगडाखाली बाकीचं सगळं काम ती मुठीत लपण्याने केलं, मिठीच्या अंतरापर्यंत पोचण्याने केलं, आणि अंगरख्याखालच्या चिलखताने केलं. तेव्हा ज्याला वाघनखं हवीत त्याने आधी मिठीपर्यंत पोचून दाखवावं. छाप आठ असलेल्या माणसाला कोण मिठी मारायला येतंय! भावाने नखं परत केली.

राक्षसांच्या बाबतीतही माझं असंच आहे. ज्याला काही अट नाही तो राक्षस मला नको. लोखंड खाणारा गंजासुर, म्हणजे त्यांचा रस्ट मॉन्स्टर, मला म्हणूनच फार प्रिय आहे. चिलखत घातलेला शूरवीर त्याला बघून पळतो आणि हातात नुसता सोटा असलेला भिकारी निवांत उभा राहतो. हा प्राणी गायगॅक्सला हाँगकाँगला बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांच्या पाकिटात सापडला होता. घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं धड असलेला आऊलबेअरही त्यातलाच.

त्यांच्या पुस्तकात राक्षस नावाचाही एक प्राणी आहे. डोकं वाघाचं, अंगात उंची कपडे आणि हातांचे तळवे उलटे. सुरुवातीच्या नियमांत तो मंत्रवलेल्या बाणाने मरायचा, आणि तोही क्रॉसबोच्या. आपल्या पुराणांतल्या एकाही राक्षसाने हे वाचलेलं नसावं. पण उलट्या तळव्यांवरून हडळीची उलटी पावलं निघाली आणि तिथून आमची गाडी कोकणात घुसली.

कोकणातल्या भुतांना आकड्यांत बसवणं हा वेगळाच उद्योग आहे. चकव्याला अंगच नाही, मग त्याचे हिट पॉइंट, म्हणजे तो किती इजा सोसेल तो आकडा, किती? चकवा लागला की हिंडू नये, बसून राहावं, उजाडलं की वाट सापडते. म्हणजे इथे काही न करणारा जिंकतो, आणि भावाला हे सहन होत नाही. मुंजाची तर आणखीच पंचाईत. तो पिंपळावर राहतो हे ठीक, पण आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाइपाच्या सांध्यातून वीतभर पिंपळ उगवलाय. त्यावर मुंजा राहू शकतो का? सीएचं म्हणणं, किमान बुंधा हवा. डीएमचं म्हणणं, झाड कोवळं तर मुंजाही कोवळा. हा प्रश्न अजून प्रलंबित आहे. सोसायटीने झाड काढलं तर निकाल आपोआप लागेल.

मग डीएमने वेतोबा आणला. आर्मर क्लास अठरा, हिट पॉइंट दोनशे, हातात दंड. मैत्रिणीची आई मूळची वेंगुर्ल्याकडची. चहाचे कप उचलता उचलता काकूंनी तो कागद वाचला.

‘ह्या अठरा काय?’

‘काकू, म्हणजे वार करताना फाशाची बेरीज अठरा भरली तरच त्याला लागतं,’ सीए म्हणाला.

‘वेतोबाक मारूक जातलास? राखणदार आसा तो!’

मग ट्रे बाजूला ठेवून त्या बसल्याच. आरवलीचा वेतोबा रात्री गावभर फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, आणि त्या झिजतात. केळ्यांचे घड वाहतात. त्याच्यासमोर तलवार काढायची नसते, वाट विचारायची असते. डीएमने मुकाट्याने अठरा आणि दोनशे दोन्ही खोडले आणि तिथे लिहिलं: चपला आणल्यास वाट दाखवतो.

आता आमच्या टोळीला चपलांचा जोड हवा होता, आणि आम्ही होतो जंगलाच्या मधोमध. भावाने कुऱ्हाड परजली आणि मागे सोडून आलेल्या आऊलबेअरची आठवण करून दिली. सीएने त्याला थांबवलं. कातडं अखंड हवं असेल तर कुऱ्हाड चालणार नाही, हे पहिलं. आणि दुसरं म्हणजे, अर्ध्या अंगावर पिसं असलेल्या जनावराच्या कातड्याची चप्पल होते का?

‘डाव्या पायाची होईल,’ भाऊ म्हणाला, आणि काकूंनी पुन्हा चहा टाकला.