सील स्वस्त, रॉड महाग: शॉकअप दुरुस्तीतली आमची वाटचाल

लेथवर चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या नळ्या, करून देणं, हे आमचं मूळ काम. गाडी मागून डुलते म्हणून जळगावातले गॅरेजवाले चिमटा खोलून आणत. बुश नवे बसले की डुलणं निम्मं जाई. उरलेलं निम्मं शॉकअपचं असे. तिथून आम्ही या कामात शिरलो. तेव्हा साध्या गाडीच्या मागच्या दोन शॉकअपच्या जोडीचं सील (रॉडभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) बदललं, ऑइल भरलं की झालं. २००४ साली होंडाची युनिकॉर्न आली, २००८ साली यामाहाची एफझी. मागे दोनाऐवजी एकच मोनोशॉक, आणि नव्याची किंमत ऐकून लोक दुरुस्तीचं विचारू लागले. पुढे गॅसचे, म्हणजे आत दाबाने नायट्रोजन भरलेले, शॉकअप वाढले तसे नायट्रोजनचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि बारीक वाकडेपणा मोजणारा डायल गेज दुकानात आले.

शिरपूरकडचं गिऱ्हाईक फोनवर पहिलं हेच विचारतं, "कितला पैसा लागतीन, भाऊ?" फोनवर आम्ही आकडा देत नाही. सील आणि ऑइलचा खर्च जवळजवळ ठरलेला असतो. बिल फिरतं ते रॉडवर, आणि रॉड स्प्रिंग काढल्याशिवाय दिसत नाही.

रॉड पुसून कोरडा करायचा आणि अंगठ्याचं नख त्याच्या लांबीवरून सावकाश ओढायचं. नख कुठे अडलं, तर तिथे गंजाचा खड्डा आहे. तो खड्डा सीलच्या ओठातून वरखाली जाणार आणि नवं सीलही कापणार. मात्र खड्डा रॉडच्या टोकाला, बंप रबराखाली (दणका झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याखाली) असेल तर बिनघोर सोडून द्यावा. सील तिथवर पोचतच नाही. नुसते बारीक ओरखडे असतील तर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने, ऑइल लावून, गोल फिरवत काढता येतात. मग रॉड व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेज लावायचा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाकडा असेल तर तो आम्ही बदलतो. वाकडा रॉड सीलला एकाच अंगाने घासतो.

खराब रॉडला दोन वाटा. जुन्यावरचा क्रोम उतरवून, ग्राइंडिंग करून पुन्हा हार्ड क्रोम, किंवा तयार क्रोम बारमधून लेथवर नवा रॉड. प्लेटिंगवाले एकटा रॉड घेत नाहीत, घेतला तर ठरलेलं किमान बिल लावतात. त्यामुळे री-क्रोम आम्ही फक्त वेगळ्या मापाच्या रॉडला करतो. १० किंवा १२ मिमी असेल तर नवाच बनवतो. वरचा क्रोम जेमतेम १५-२० मायक्रॉनचा असतो, म्हणून रॉड लेथच्या चकात धरताना जबड्यात तांब्याची पट्टी हवीच.

आता हिशेब. १५०-२०० सीसी गाडीचा गॅसचा मोनोशॉक, रॉड चांगला असेल तर: खोलणं-जोडणं ७०० रुपये, सील, वायपर (रॉडवरची माती पुसणारी कडी) आणि ओ-रिंग ४५०, ऑइल १५०, नायट्रोजन १५०. एकूण १,४५०, १८ टक्के जीएसटी धरून १,७११. रॉड नवा लागला की १,१०० वाढतात आणि जीएसटीसकट बिल ३,००९ वर जातं. नवा शॉकअप साडेचार हजारांचा असेल तर हा आकडा त्याच्या दोन तृतीयांश झाला. आमचा नियम असा, की नव्याच्या ६० टक्क्यांपुढे खर्च जात असेल तर आम्हीच नवा घ्यायला सांगतो. खोलून पाहण्याचे २०० रुपये तेवढे घेतो.

साध्या १०० सीसी गाड्यांच्या जोडीचं काम आम्ही जवळपास बंदच केलंय. हे शॉकअप कारखान्यात तोंड दाबून कायमचे बंद केलेले असतात, उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. लेथवर ती कड कापायची, नळीत आटे पाडायचे, नवी टोपी करून बसवायची. १ मिमी पिचच्या आट्यांना नळीच्या भिंतीतून साधारण ०.६ मिमी जातात. भिंत दीड मिमीची असेल तर उरतात ०.९. पुन्हा कापायला जागा नाही. एवढं करून जोडीचं बिल तेराशेच्या घरात, आणि चांगल्या कंपनीची नवी जोडी पावणेदोन-दोन हजारांत मिळते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तेव्हा दोन हजारांना मिळणारी जोडी त्या हिशेबाने १,८४४ ची झाली. दुरुस्तीवरचा कर होता तेवढाच राहिला. अपवाद जुन्या राजदूत, येझदी, आरएक्स १०० वाल्यांचा. मूळ भाग मिळत नाही, मिळतो तो डुप्लिकेट, म्हणून तिथे खर्च परवडतो.

ऑइलबाबत गॅरेजांमध्ये अजून गडबड आहे. "मागून नरम झाली" म्हणून शॉकअपात २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल ओततात. गाडी कडक वाटते खरी. पण ते जाड ऑइल व्हॉल्व्हच्या भोकांतून वेळेत परतत नाही, शॉकअप पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा येतो, आणि तीन-चार खड्ड्यांनंतर शॉकअप खाली बसूनच राहतो. डब्यावरच्या ५डब्ल्यू, १०डब्ल्यू या आकड्यांवरही जाऊ नये, एकाच आकड्याचं ऑइल कंपनीगणिक वेगळं निघतं. ४० अंशांवर किती सेंटिस्टोक (जाडपणाचं माप), ते पाहावं. मोनोशॉकला आम्ही १५-१६ वालं भरतो, आणि बुडबुडे थांबेपर्यंत रॉड सावकाश वरखाली करतो. हवा राहिली तर पहिल्या इंचभर चालीत शॉकअप पोकळ लागतो.

गॅसचा शॉकअप उघडण्याआधी दाब सोडलाच पाहिजे, नाहीतर टोपी गोळीसारखी सुटते. भरताना दाब १० ते १२ बार. पेट्रोल पंपावरचा टायरचा नायट्रोजन इथे कामाचा नाही, तो तेवढ्या दाबाचा नसतो. "नुसता गॅस चेक करून द्या" हेही जमत नाही. आतली जागा इतकी छोटी असते की गेज लावला की त्याच्या नळीत शिरलेल्या गॅसनेच दाब उतरतो. तपासायचं म्हणजे पुन्हा भरायचंच.

आपल्या भागात सील जातं ते मुख्यतः काळ्या मातीने. बऱ्याच मोनोशॉकचा रॉड खालच्या अंगाला, चाकासमोर असतो. पावसाळ्यात यावल-रावेरच्या शेतरस्त्यांवरचा चिखल त्यावर बसतो, वाळतो आणि प्रत्येक दणक्याला सीलखाली दळला जातो. त्यात पोरं दिसायला बरं म्हणून चाकावरचं आतलं मडगार्ड काढून टाकतात. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पाइप रॉडवर धरला की उरलीसुरली माती आत जाते. रॉड साध्या पाण्याने, फडक्याने पुसावा.

दूधवाल्यांची गोष्ट निराळी. ४० लिटरचे दोन कॅन म्हणजे दूधच ८२ किलो, तेही मागच्या चाकाच्या आसपास लटकलेलं. ते स्प्रिंगची कॉलर (स्प्रिंग दाबून धरणारी कडी) शेवटच्या खाचेवर नेतात. त्याने गाडी उंच राहते, स्प्रिंग कडक होत नाही. त्यांना जाड तारेची स्प्रिंग लागते, आणि त्या स्प्रिंगला जुळेल असा परतीचा व्हॉल्व्ह. एक केलं आणि दुसरं नाही, तर रिकाम्या कॅनने परतताना गाडी मागून उड्या मारते.

सीलला आम्ही सहा महिन्यांची हमी देतो, दुधाच्या गाडीला तीन. चांदसैली घाटातून धडगावला रोज दोन माणसं आणि सामान नेणाऱ्यांनाही तीनच. शॉकअप एसटी पार्सलने पाठवायचा असेल तर स्प्रिंगसकट, न खोलता पाठवा, आणि चिठ्ठीत गाडीचं मॉडेल, रोजचं ओझं आणि कॉलर कितव्या खाचेवर होती ते लिहा. पक्कडीने रॉड धरून खोलायचा प्रयत्न झालेला असेल, तर रॉडचे ११०० आधीच धरून चाला.