तुम्ही विचारलंत म्हणून : केन दोमोन देवळांकडे का वळले?

जपानी छायाचित्रकार केन दोमोन यांच्या कामाविषयी मी कुठेही बोललो, की शेवटी एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी निराशा असते. ज्या माणसाने हिरोशिमातली भाजलेली कातडी आणि कोळशाच्या खाणींजवळची उपाशी मुले जगाला दाखवली, तो पुढे जुनी देवळे आणि बुद्धमूर्ती यांचेच फोटो का काढत राहिला? वय झाले, दुखणे मागे लागले, की माणूस देवाकडे वळतोच, असे उत्तर काही जण स्वतःच देऊन टाकतात. काही जण जास्त कठोर असतात. त्यांच्या मते दोमोन थकले आणि माणसांपासून दूर गेले. ही दोन्ही उत्तरे मला चुकीची वाटतात, आणि ती का चुकीची वाटतात हे दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी तारखा पाहू. नारा प्रांतातल्या डोंगरात मुरोजी नावाचे एक जुने बौद्ध मंदिर आहे. दोमोन तिथे पहिल्यांदा गेले ते १९३९ च्या अखेरीस, मिझुसावा सुमिओ या कला-अभ्यासकाबरोबर. तेव्हा दोमोन तीस वर्षांचे होते आणि हिरोशिमावर बाँब पडायला अजून जवळजवळ सहा वर्षे होती. मंदिराचा ध्यास त्यांना म्हातारपणी लागलेला नाही. पुढे ते जे काही करणार होते, त्या सगळ्याच्या आधी तो होता. जपान युद्धात खोल खोल उतरत असताना हा माणूस जड कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन मुरोजीला जात होता, आणि ओसाकात बुनराकू या कळसूत्री रंगभूमीच्या पडद्यामागे बाहुल्या व त्या नाचवणारे कलावंत टिपत होता. बुनराकूवरचे ते काम पुस्तकरूपाने यायला १९७२ साल उजाडले.

त्यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९०९ रोजी उत्तरेकडच्या यामागाता प्रांतातल्या साकाता या बंदराच्या गावी झाला. घरची गरिबी होती आणि त्यांना चित्रकार व्हायचे होते. १९३३ साली ते एका फोटो स्टुडिओत उमेदवारीला लागले आणि १९३५ मध्ये नातोरी योनोसुके यांच्या निप्पॉन कोबो या संस्थेत गेले. जर्मनीत वृत्तछायाचित्रण शिकून आलेले नातोरी तिथून परदेशी वाचकांसाठी जपानची ओळख करून देणारे मासिक काढत असत. त्यानंतर दोमोन ज्या संस्थेत गेले, तिचेही काम जपानी संस्कृतीचा परदेशात प्रसार करण्याचे होते. या गोष्टी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देश युद्धाकडे निघालेला असताना त्याचे सुंदर रूप बाहेर दाखवणाऱ्या यंत्रणेत तेही होते. युद्धानंतर त्यांनी वास्तवाचा जो आग्रह धरला, त्याच्या मुळाशी हा अनुभव असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्यांच्या स्वभावाचा एक प्रसंग इथे सांगितला पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून उलगडते. १९४१ मध्ये ते उमेहारा र्यूझाबुरो या ख्यातनाम चित्रकाराचे व्यक्तिचित्र घ्यायला गेले होते. दोमोन काही केल्या थांबत नव्हते. जवळ जात होते, पुन्हा पाहत होते, पुन्हा घेत होते. उमेहारा संतापाने थरथरू लागले, आणि काम संपल्यावर त्यांनी बसायची वेताची खुर्ची उचलून जमिनीवर आपटली. दोमोन यांना हवा असलेला चेहरा त्या संतापातच त्यांना मिळाला होता. समोरच्याने स्वतःहून दाखवलेल्या रूपावर ते कधीच समाधान मानत नसत. माणूस असो वा लाकडी मूर्ती, तिचा वरचा थर गळून पडेपर्यंत ते समोरून हलत नसत.

१९५० पासून एका कॅमेरा-मासिकात दर महिन्याला येणाऱ्या हौशी छायाचित्रांचे परीक्षण ते करू लागले. त्या पानांवरून त्यांनी वास्तववादाची चळवळच उभी केली. कॅमेरा आणि विषय यांच्यामध्ये काही येऊ देऊ नका, काहीही मांडून, सजवून, कुणाला उभे करून फोटो घेऊ नका, एवढे त्यांचे सांगणे होते. पुढे मोठे नाव झालेल्या शोमेई तोमात्सु यांच्यासारख्या तरुणांनीही आपली छायाचित्रे तिथे पाठवली होती. पण लवकरच भिकारी आणि रस्त्यावरची बेवारस मुले यांच्या फोटोंचा ढीग येऊ लागला आणि वास्तववाद म्हणजे भिकाऱ्यांचे फोटो अशी टीका सुरू झाली. ती टीका अगदीच निराधार नव्हती. गरिबीचा फोटो काढला की काम झाले, हा समज आपल्याकडेही अजून गेलेला नाही. त्याच काळात दोमोन स्वतः टोक्योच्या कोतो भागातल्या गल्ल्यांत मुलांचे फोटो घेत होते. त्यांतल्या एका प्रसिद्ध चित्रात दोन पोरे तोंडे वेडीवाकडी करून लुटुपुटीची तलवारबाजी करताना दिसतात. ती पोरे गरीब आहेत, हे पाहणाऱ्याच्या फार उशिरा लक्षात येते.

२३ जुलै १९५७ रोजी एका साप्ताहिकाच्या कामासाठी ते हिरोशिमाला पोचले. बाँबला बारा वर्षे होत आली होती. १९५२ मध्ये अमेरिकी अंमल संपेपर्यंत तिथल्या जखमांची छायाचित्रे जपानी जनतेसमोर जवळजवळ आलीच नव्हती. सेन्सॉर होता, आणि नंतर विसरण्याची घाईही होती. हिरोशिमा हा झाला-गेला इतिहास आहे, असे इतरांसारखे आपणही धरून चाललो होतो, हे दोमोन यांनी पुढे स्वतः लिहिले. तिथे गेल्यावर त्यांना दिसले की तो संपलेला नाही, तो जिवंत माणसांच्या अंगावर चालूच आहे. पुढचे काही महिने ते पुन्हा पुन्हा तिथे गेले. बाँबग्रस्तांसाठी नुकत्याच सुरू झालेल्या रुग्णालयात त्यांनी कातडी बसवण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या जवळून टिपल्या, की १९५८ मध्ये आलेले त्यांचे पुस्तक पाहताना हात पान उलटायला धजत नाही. त्याच पुस्तकात बाँबमधून वाचलेले एक जोडपे आपल्या तान्ह्या बाळाबरोबर खळखळून हसतानाही आहे. ते हसू नसते, तर मी त्या पुस्तकाला इतके मानले नसते.

आता चिकुहोविषयी, कारण माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम हे आहे. क्यूशू बेटावरचा चिकुहो हा कोळसा खाणींचा मुलूख. १९५० च्या दशकाच्या शेवटी जपान कोळसा सोडून तेलाकडे वळू लागला, एकामागून एक खाणी बंद पडल्या, आणि खाणकामगारांच्या वस्त्यांत घरेच्या घरे बेकार झाली. डिसेंबर १९५९ मध्ये दोमोन तिथे गेले आणि त्यांनी मुलांकडे पाहिले. त्यातले एक चित्र मी प्रत्येक वर्गात दाखवतो. शाळेत जेवणाची सुटी आहे. काही मुले डबा उघडून खात आहेत. ज्यांच्याकडे डबा नाही, ती पुस्तक डोळ्यांसमोर धरून वाचत बसली आहेत. कुणी रडत नाही, कुणी हात पसरत नाही. शेजारच्याच्या डब्याकडे आपले डोळे जाऊ नयेत म्हणून ते मूल वाचत आहे. भूक आणि स्वाभिमान ही दोन्ही एकाच चौकटीत इतक्या शांतपणे बसलेली मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत.

चिकुहोच्या या फोटोंचे पुस्तक १९६० च्या सुरुवातीला निघाले तेव्हा त्याची किंमत फक्त शंभर येन होती, आणि कागद वर्तमानपत्राच्या जातीचा, खरखरीत होता. दोमोन यांनी तसे मुद्दाम केले. गुळगुळीत कागदावर, श्रीमंताच्या दिवाणखान्यात हे फोटो पडावेत असे त्यांना वाटत नव्हते. ज्यांच्या आयुष्याबद्दल ते होते, तशाच लोकांनी ते विकत घ्यावे, गुंडाळून हातात धरावे, अशी त्यांची इच्छा होती. एक लाखाहून जास्त प्रती खपल्या. स्वतःच्या कामाची छपाई कमी दर्जाची होऊ देणे ही एका छायाचित्रकारासाठी केवढी मोठी गोष्ट आहे, हे अंधाऱ्या खोलीत एकेका प्रिंटसाठी रात्र घालवलेल्या माणसालाच कळेल.

मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या चाळींत मीही मुलांचे फोटो काढले होते. त्या प्रत्येक चित्रात मूल उदास आहे, कारण मी उदास मूल शोधत होतो. चिकुहोचे पुस्तक हाती आले तेव्हा ते मला दिसले. दोमोन यांची मुले खेळतात, भांडतात, हसतात, आणि त्यामुळेच त्यांचे दुःख आपल्याला टाळता येत नाही.

चिकुहोच्या कामाच्याच सुमारास दोमोन यांना मेंदूतील रक्तस्रावाचा पहिला झटका आला. उजव्या हाताची ताकद गेली आणि हातात धरायचा छोटा कॅमेरा झपाट्याने चालवणे अशक्य झाले. गल्लीत पळणाऱ्या पोरांमागे धावणे संपले. मग ते ट्रायपॉडवरच्या मोठ्या कॅमेऱ्याकडे, म्हणजे युद्धकाळात हाताळलेल्या जुन्या साधनाकडे परतले. शरीराने एक दार बंद केले हे खरे आहे, पण दुसरे दार त्यांनी वीस वर्षांपूर्वीच उघडून ठेवलेले होते. प्राचीन मंदिरांच्या यात्रेचे त्यांचे पाच खंड १९६३ ते १९७५ या काळात आले. १९६८ मध्ये दुसरा झटका आला आणि त्यानंतर ते चाकांच्या खुर्चीत बसून साहाय्यकांकरवी काम करू लागले. उभे राहता येत नाही म्हटल्यावर कॅमेरा खाली आला आणि मूर्तीकडे खालून, भक्ताच्या उंचीवरून पाहू लागला.

ही चित्रे पाहताना भक्तिभाव शोधणाऱ्याची मात्र फसगत होते. त्यांत धूप नाही, प्रार्थना नाही, पूर्ण मूर्तीही क्वचितच आहे. ओठांची कड आहे, बोटे आहेत, वस्त्राच्या चुण्या आहेत, लाकडाला गेलेली चीर आहे. मुरोजीतली नवव्या शतकातली बसलेली शाक्यमुनीची मूर्ती त्यांना फार देखणी वाटे. तिचा चेहरा त्यांनी उमेहारांच्या चेहऱ्याइतक्याच जवळून, त्याच हट्टाने घेतला आहे. हिरोशिमातली शिवलेली कातडी आणि बुद्धाच्या गालावरची लाकडाची चीर मी एकदा शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत बसलो होतो. दोन्हीकडे तोच माणूस, तेवढ्याच अंतरावर, तेवढाच वेळ उभा होता. ज्या लोकांचे आजचे दुःख त्यांना छळत होते, त्याच लोकांच्या हातांनी हजार वर्षांपूर्वी काय घडवले, हे त्यांना पाहायचे होते. स्वतः दोमोन यांनाही ही दोन कामे वेगळी वाटत नव्हती.

त्यांचा कॅमेरा ट्रायपॉडवर चढला तरी त्यांच्यातला रस्त्यावरचा शिकारी मेला नव्हता, हे उजीच्या ब्योदोइन मंदिरातल्या प्रसंगावरून दिसते. दिवसाचे काम आटोपून सामान बांधून झाल्यावर त्यांनी सहज मागे वळून पाहिले, तर संध्याकाळच्या ढगांपुढे तिथले फिनिक्स नावाचे मुख्य मंदिर वेगाने धावत सुटल्यासारखे दिसले. कॅमेरा, कॅमेरा, असे ओरडून त्यांनी सगळे पुन्हा उघडायला लावले आणि जेमतेम एक फोटो मिळाला. चांगला फोटो काढला जात नाही, तो निघतो, अशा अर्थाचे त्यांचे एक म्हणणे प्रसिद्ध आहे.

मुरोजीच्या वृद्ध पुजाऱ्याने त्यांना एकदा सांगितले होते, की हे मंदिर सर्वांत सुंदर दिसते ते बर्फात. इतकी वर्षे येऊनही त्यांच्याकडे बर्फातले मुरोजी नव्हते. अर्धे अंग लुळे असलेला, सत्तरीला टेकलेला हा माणूस त्यासाठी त्या भागात जाऊन राहिला आणि बर्फाची वाट पाहू लागला. हिवाळा सरत आला तरी बर्फ पडेना. मार्च १९७८ मध्ये एका सकाळी तो पडला, पातळसा, दगडी पायऱ्यांवर आणि तिथल्या सोळा मीटर उंचीच्या लहानशा पाच मजली पॅगोड्याच्या छपरांवर. तो फोटो त्यांना मिळाला. मुरोजीच्या पहिल्या भेटीला तेव्हा एकोणचाळीसावे वर्ष चालू होते.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, तिसरा झटका आला आणि त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत. आपले सगळे काम त्यांनी जन्मगावाला देऊन टाकले होते. १९८३ मध्ये साकाता इथे योशिओ तानिगुची यांनी रचना केलेले त्यांच्या नावाचे छायाचित्र-संग्रहालय उघडले, आणि हिरोशिमा, चिकुहो, मुरोजी ही तिन्ही कामे तिथे एकाच छपराखाली आली. ते बिछान्यात पडून होते. १५ सप्टेंबर १९९० रोजी ते वारले तोवर अकरा वर्षे झाली होती.