मशीनला न दिसलेलं प्लास्टिक

सॅम्पल नळाच्या पाण्याचं होतं. गाळ नाही, शेवाळ नाही, म्हणून पाणी सरळ फिल्टरमधून ओढलं. फिल्टर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, ०.२ मायक्रॉनचा. मायक्रोप्लास्टिकसाठी, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक कणांसाठी, माझी पहिली पसंती त्यालाच असते. आमचं मशीन फिल्टरवरच्या कणांवर इन्फ्रारेड टाकतं आणि कण त्यातलं काय शोषतो त्यावरून तो कशाचा आहे ते सांगतं. ग्लास फायबरमध्ये बारीक कण आत रुततात, सेल्युलोज नायट्रेट स्वतःच इन्फ्रारेड शोषतं आणि पॉलिकार्बोनेट तर मुळात प्लास्टिकच. ॲल्युमिनावर कण वरच राहतात आणि इन्फ्रारेड आरपार जातं, पण साधारण १२५० सेमी⁻¹ (इन्फ्रारेडच्या लहरी मोजायचं एकक) पर्यंतच. त्याखाली तो फिल्टर भिंतीसारखा.

दुपारी ट्रेनीने हाक मारली. "मॅडम, हे कण डोळ्याला दिसतायत, मशीनला नाही."

मायक्रोस्कोपखाली पांढरट, कडेला पिंजलेल्या पातळ कपच्या होत्या. पॉलिएथिलिन आणि पीईटी सॉफ्टवेअरने बिनचूक ओळखलं होतं. इथे मात्र मशीनने काढलेली शोषणाची रेघ जवळपास सपाट. २९०० च्या आसपास काहीच नाही, म्हणजे कार्बन-हायड्रोजन बंधच नाहीत. २३६० जवळ जरासा उंचवटा होता, पण तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइडही येतो, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही.

"खनिज असेल. सोडून देऊ?" तिने विचारलं.

मी सुईने एक कपची दाबली. खनिज असतं तर चुरा झाला असता. ही चपटी झाली, आणि ओढल्यावर चक्क ताणली गेली.

टेफ्लॉन! त्यात हायड्रोजन नसतोच, आणि त्याचे शोषणाचे दोन ठळक पट्टे १२०० आणि ११५० ला, म्हणजे नेमके भिंतीपलीकडे. कपची उचलून एटीआरच्या, म्हणजे फिल्टर मध्ये न आणता कण थेट वाचणाऱ्या जोडणीच्या, क्रिस्टलवर दाबली, तर दोन्ही पट्टे ठसठशीत आले. पाणी गढूळ असतं तर हेही हाती लागलं नसतं. तेव्हा गाळ वेगळा करायला झिंक क्लोराइडचं जड द्रावण वापरतात आणि वर तरंगणारं प्लास्टिक तेवढं घेतात. टेफ्लॉनची घनता २.२ च्या आसपास, त्या द्रावणात ते गाळाबरोबर तळालाच बसलं असतं.

आमचा ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवाय केलेली तीच चाचणी, स्वच्छ होता; म्हणजे कण लॅबमधले नव्हते. सॅम्पल आणणाऱ्याला फोन केला, तेव्हा कळलं की नळाच्या जोडावर नुकतीच टेफ्लॉन टेप गुंडाळली होती. मग हे कण मोजायचे की वगळायचे? माझ्या मते मोजायचे, पण वेगळ्या रकान्यात, कारण त्या नळाचं पाणी माणसं पितात.

उरलेलं पाणी सिलिकॉनच्या फिल्टरवर घेतलं. त्याची छिद्रं १० मायक्रॉनची, त्यामुळे सगळ्यात बारीक कण निसटतात, पण १२५० च्या खालचा भागही वाचता येतो. रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी फिल्टरचं नाव आणि वाचलेली रेंज लिहिली. ॲल्युमिनाच्या रकान्यात टेफ्लॉनपुढे शून्य नाही, "तपासता येत नाही" असं लिहिलं.