एका अक्षराने वेगळा झालेला झटका

पुण्यात बसून अमेरिकेतील रुग्णालयांचे चार्ट कोड करणाऱ्या, म्हणजे रुग्णांच्या नोंदी वाचून प्रत्येक निदानाला ठरलेला संकेतांक देणाऱ्या, आम्हा मंडळींचे नवे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, कारण आयसीडी-१०-सीएम या निदानसंहितेतील वार्षिक बदल त्या दिवसापासून लागू होतात. संहितेच्या हृदयविकाराच्या विभागात आजवर झालेल्या बदलांपैकी ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेला आय२१.ए१ हा ‘टाइप २’ झटक्याचा कोड मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हृदयविकाराचा झटका म्हटले की रक्तवाहिनीत गुठळी अडकली, असेच आपण समजतो; तो टाइप १. परंतु जबर रक्तस्राव, अतिजलद ठोके किंवा शॉक यांमुळे हृदयाला लागणारा प्राणवायू आणि मिळणारा प्राणवायू यांचा मेळ बिघडला, तरी हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो, आणि तो टाइप २. डॉक्टरांच्या जागतिक व्याख्येत हा भेद २००७ पासून होता. संहितेत मात्र त्याला जागा मिळायला आणखी दहा वर्षे गेली, आणि तोवर टाइप २ चे रुग्ण बहुधा आय२१.४ या कोडखाली, म्हणजे गुठळीच्या रुग्णांच्याच रांगेत, उभे केले जात.

हा केवळ कागदावरचा घोळ नव्हता. झटक्यानंतर किती रुग्ण दगावले आणि किती तीस दिवसांत पुन्हा दाखल झाले, याची रुग्णालयनिहाय मोजणी मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्यविमा योजना करते, आणि त्या मोजणीत कोणता रुग्ण धरायचा हे कोडवरूनच ठरते. शिवाय पुढच्या डॉक्टरने जुने निदान पाहिले, तर मूळ दुखणे, समजा, पोटातला व्रण होते हे त्याला त्या कोडवरून कळलेच नसते.

नियम आता स्पष्ट आहे: मूळ कारण आधी, आय२१.ए१ नंतर, आणि डॉक्टरांनी टाइप २ ला एनस्टेमी (ईसीजीवर ‘एसटी’ भाग न उंचावलेला झटका, ज्याचा एरवीचा कोड आय२१.४) म्हटले असले, तरी आय२१.४ लावायचा नाही. २०२१ मध्ये आय५ए आल्यावर, रक्तपुरवठ्याच्या कमतरतेशी संबंध नसलेल्या हृदयस्नायूच्या इजेलाही स्वतःचा कोड मिळाला.

तरीही खरी कसोटी लागते ती चार्ट वाचताना. अलीकडेच माझ्यासमोर आलेल्या एका चार्टमध्ये डिस्चार्ज समरीत नुसते ‘एनस्टेमी’ होते, तर हृदयरोगतज्ज्ञाच्या टिपणात ‘रक्तस्रावामुळे टाइप २’ असे लिहिलेले होते. हिमोग्लोबिन ६.१ इतके कमी होते आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन) चढून उतरलेले होते, त्यामुळे उत्तर डोळ्यांसमोर असल्यासारखे वाटत होते. परंतु आकडे पाहून निदान ठरवणे हे कोडरचे काम नाही, आणि हा संयम मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच शिकवते. दोन डॉक्टरांच्या लिखाणात तफावत असेल, तर उपचार करणाऱ्या मुख्य डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवायची, आणि तीही अशी की प्रश्नातून उत्तर सुचवले जाणार नाही. मी दोन्ही टिपणांतील वाक्ये तारखांसह जशीच्या तशी उतरवली आणि झटक्याचा प्रकार व कारण स्पष्ट करण्याची विनंती केली.

दुसऱ्या रात्री उत्तर आले: जठरातील व्रणातून झालेला रक्तस्राव, त्यामुळे तीव्र रक्तक्षय, त्यामुळे टाइप २. मग रक्तस्रावी जठरव्रणाचा के२५.४ पहिला, त्यामागे रक्तस्रावाने झालेल्या तीव्र रक्तक्षयाचा डी६२ आणि आय२१.ए१ लावून चार्ट बंद केला.